नानांचा नकार

टीममध्ये जागा चारच, आणि योगेश पाचवा. म्हणजे क्रिकेटमधला बारावा खेळाडू. पाण्याच्या बाटल्या न्यायच्या आणि कोणाचा तरी पाय मुरगळायची वाट बघायची. पुण्याला सुपरकॉम्प्युटरचं आठवड्याचं प्रशिक्षण होतं. नाशिकच्या त्यांच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून दोन हजार तीन साली पहिल्यांदाच टीम निघाली होती, आणि तीही तेजस्विनीच्या प्रोग्रॅममुळे. टीममध्ये ती एकटी मुलगी. म्हणून सर योगेशला म्हणाले, "तू तेजस्विनीच्या मळ्याशेजारीच राहतोस. तिचे वडील तुझं ऐकतात. तेवढी परवानगी काढ."

योगेश गेला. तिचे वडील, गोरक्षनाना, शेवंती क्रेटमध्ये भरत होते. तिच्या आईनं, सिंधुबाईंनी, चहा दिला. फुलांच्या भावावर बोलणं झालं, ढगाळ हवेवर झालं, पुण्याचं नाव मात्र त्यानं काढलंच नाही. तोंडाशी आलेलं चहाबरोबर गिळलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात बेधडक सांगितलं, "नाना नाही म्हणाले. हा विषय पुन्हा घरात नको, असंही म्हणाले."

तेजस्विनीचा चेहरा पडला. "बरं झालं तू विचारलंस," ती म्हणाली. "मला धीरच होत नव्हता."

तिची जागा योगेशला मिळाली.

पुण्यात बाकीचे तिघे हरखून गेले. थंडगार खोली, माणसाच्या उंचीची यंत्रांची कपाटं, एकच गणित शेकडो प्रोसेसरांत वाटून दिलेलं. तेजस्विनीचा प्रोग्रॅम लावला, तर तो मध्येच अडकला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "कोणीतरी एकानं निरोप पोचवलेला नाही. बाकीचे बिचारे वाट बघत बसलेत."

बाई प्रोसेसरबद्दल बोलत होत्या, पण त्या थंडीत योगेशला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! टीममधला ज्ञानेश वैतागून म्हणाला, "तेजू असती तर चुटकीसरशी सुटलं असतं." ते शेवटपर्यंत सुटलं नाही. योगेशला जेवण गोड लागेना. लाज वाटत होतीच. पण आपण इथे आलो याचा मनातल्या मनात आनंदही होत होता, आणि त्याची तर जास्तच लाज वाटत होती.

परतल्यावर नानाच त्याच्या खोलीवर आले. दारातच उभे राहिले.

"योगेश, लय दिवस झाले, पोरगी माझ्याशी धड बोलत नाय. इचारलं तर म्हणती, काय नाय. माझं काय चुकलं, तू तरी इचार तिला."

आता मात्र त्याला राहवेना. तो नानांबरोबर तसाच मळ्यात गेला. तेजस्विनी फुलं तोडत होती. तिच्यासमोर तो म्हणाला, "मी नानांना विचारलंच नव्हतं. मला जायचं होतं, म्हणून खोटं बोललो."

आता नाना कानाखाली काढणार, असं त्याला वाटलं. काढली असती तर बरं झालं असतं. पण नानांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते लेकीकडे वळले.

"मी नाय म्हणलो, हे तुला खरं वाटलं?"

तेजस्विनीनं मान खाली घातली. "वाटलं, नाना."

नाना मटकन बांधावर बसले. "पुण्याला सोडाया मीच आलो असतो गं," ते म्हणाले. ती रडू लागली.

योगेश तिथेच उभा राहिला. माफी मागायची होती. पण दोघांपैकी कोणाची आधी, ते त्याला कळेना.