कवितेत मेलेला नवरा

"मी मेलो कधी, तेवढं सांग," असं म्हणत भावजी शेणाचं घमेलं हातात घेऊन गोठ्याच्या दारात उभे राहिले.

आम्ही दोघी जावा वैरण कापत बसलो होतो. मी थोरली. धाकटी म्हणजे यांची बायको, आणि ती कविता करते. इतकी वर्षं करते, पण कवितेनं तिला टाळ्या आणि बसचं भाडं सोडून काही दिलं नव्हतं, आणि भाडंही एका बाजूचंच. गेल्या साली मात्र तिचं पुस्तक निघालं. ते शहरातल्या एका कॉलेजला आवडलं, आणि मुलांना कविता शिकवायला वर्षभराची पगारी जागा तिला मिळेल असं दिसू लागलं. धाकटीनं त्या जागेवर जीव लावला होता. तिथल्या प्राध्यापकबाई उद्या भेटायला येणार होत्या. त्यांनी फोन केला, तो नेमका भावजींनी उचलला.

"बाई म्हणाल्या, तुम्ही त्यांचे दीर का? भाऊ गेल्याचं ऐकून फार वाईट वाटलं. मी धावत जाऊन दादाला बघून आलो. तो मजेत गुरांना पाणी पाजतोय. मग गेला कोण?"

धाकटीनं विळा खाली ठेवला. "अहो, कवितेत कुणीतरी गेलंय एवढंच आहे. नवरा गेला असं मी कुठंच लिहिलेलं नाही. लोकांनी तसं धरलं."

"आणि तू धरू दिलंस!"

"आधी कुणी विचारत नव्हतं हो. हिचा नवरा गेलाय म्हटल्यावर सगळे वाचायला लागले."

भावजींनी घमेलं आपटलं, हात धुतले आणि पुस्तक मागितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. ओट्यावर बसून वाचता वाचता त्यांचा चेहरा लोण्यासारखा मऊ होत गेला.

"वहिनी, ऐका. 'तू न बोलता माझं सगळं रडणं ऐकून घ्यायचास.' बघा, किती जीव आहे हिचा माझ्यावर!"

भावजी न बोलता बसलेले मी तरी कधी पाहिले नव्हते. मला तिथंच शंका आली.

"राहतो उद्या मेलेला," ते उदार होऊन म्हणाले. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. माळ्यावर बसतो." मग पान उलटलं आणि ते थबकले. "'तुझ्या खांद्यावरचा घट्टा अजून माझ्या तळव्याला आठवतो.'" त्यांनी सदऱ्यात हात घालून एक खांदा चाचपला. मग दुसरा. "मला कुठंय घट्टा?"

धाकटी खाली मान घालून भराभरा वैरण कापू लागली.

"हा जू ओढून घट्टा पडलेला, आपला गेलेला म्हातारा बैल आहे!" भावजी ओरडले. "म्हणजे मी मेलोसुद्धा नाही! सगळं रडणं त्या बैलासाठी!"

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. भावजी माळ्यावर चढले, पण रुसून. बाईंनी पर्समधून पुस्तक काढलं. त्याची पानं हाताळून हाताळून मऊ पडली होती.

"आमचे हे गेले तेव्हा कुणाशी बोलवेना," त्या म्हणाल्या. "रोज उठून मी या कविता वाचायची. ही बाई आपल्यासारखीच आहे, असं वाटून धीर यायचा."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. जागा दारात चालून आली होती, नुसतं गप्प बसायचं होतं. मी डोळ्यांनी दटावलं. पण तिला ते जमलं नाही.

"बाई, माझे हे आहेत. त्या कविता आमच्या बैलावरच्या आहेत."

बाईंनी पुस्तक मिटलं. गेली जागा, असं मला वाटलं. तेवढ्यात माळ्यावरून धप्पकन उडी पडली. डोक्यात काड्या घेऊन भावजी समोर उभे.

"बैल असला म्हणून काय झालं?" ते म्हणाले. "हिची आई गेली तेव्हा मला काय बोलावं सुचेना. मी बाहेरच घुटमळत राहिलो. ही त्याच्या गळ्यात पडून रडली. तो जागचा हलला नाही. तो गेला तेव्हा मलाही जेवण गेलं नाही, बाई. जागा द्या नाहीतर राहू द्या, पण हिला खोटी म्हणू नका."

मला भरून आलं. भावजी बायकोबद्दल इतकं चांगलं तिच्यासमोर कधी बोलले नव्हते.

बाईंनी मिटलेलं पुस्तक परत उघडलं. मग म्हणाल्या, "आमचे हे ऑफिसात बसायचे. त्यांच्या खांद्याला कुठला घट्टा? तरी ती ओळ वाचताना माझा तळवा दुखायचा." त्यांनी डोळे पुसले आणि त्या हसल्या. "असं कसं घडतं, एवढंच मुलांना शिकवा. पुढच्या महिन्यात या."

धाकटी शहरात शिकवायला गेली. काही दिवसांनी तिची नवी कविता मासिकात छापून आली. 'तुझं घोरणं नाही, म्हणून इथं मला झोप नाही.' रिकाम्या घरात भावजींना करमत नव्हतंच. तो अंक घेऊन ते घरोघर फिरले आणि शेवटी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, हा मीच ना?"

आमची भिंत गोठ्याला लागून आहे. तो बैल असा घोरायचा की फळीवरची भांडी वाजायची.

"तुम्हीच, भावजी," मी म्हणाले. "तुमच्यासारखं दुसरं कोण घोरणार?"