आतलं काम

बायकोला जाऊन सात आठवडे झाले होते आणि कवळीवाल्याला काहीच वाटत नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. लोक भेटायला येत, खुर्चीच्या कडेवर टेकत, "धीर धरा" म्हणत, आणि हा मान हलवी. धीर सुटलाच नव्हता तर धरणार कुठून? सकाळी वेळेवर जाग यायची, भूक लागायची, दाढी रोजच्या रोज व्हायची. रात्री पडल्या पडल्या झोप लागायची. एखाद्या माणसाचं एवढं सगळं नीट चाललेलं असावं, याचंच त्याला चोरट्यासारखं वाटायचं. ते वाटणंही दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल वाटतो तसं, लांबून.

तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचा, म्हणून सगळे त्याला कवळीवाला म्हणत. आसपासचे निम्मे म्हातारे याच्या दातांनी हसतात आणि याच्याच दातांनी याची निंदा करतात, असं त्याची बायको म्हणे. ती स्वतः रफू करायची. कोटाला पडलेलं भोक ती असं भरून द्यायची की गिऱ्हाईक कोट उजेडात धरून विचारी, "अहो, पण तुम्ही केलंत काय?" ती म्हणे, "काही नाही, धूळ झटकली."

दोघांना मिळून एकच वेड होतं. जुन्या स्पोर्ट्स कारच्या किट्स. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले शे-दीडशे सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे, की खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची गाडी तयार. सांगायला एवढंच, पण चार-चार महिने जात. पहिल्याच गाडीचा डॅशबोर्ड कवळीवाल्याने तीनदा रंगवून तीनदा बिघडवला, तेव्हा तिने त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला. "अहो, तुम्ही आपले दातच करा," म्हणाली. तेव्हापासून वाटणी पक्की झाली ती बावीस वर्षं टिकली. बाहेरचं काम त्याचं आणि आतलं तिचं.

बाहेरचं म्हणजे बॉडी. त्यात तो बापमाणूस होता, हे मान्य करायलाच हवं. अस्तराचा रंग, त्यावर मूळ रंगाचे तीन हात, मग ओल्या पॉलिश पेपरने घासणं, मग मेण. नखाएवढा डाग दिसला तरी सगळा रंग उतरवून श्रीगणेशा. आतलं म्हणजे सीट, डॅशबोर्ड, गिअरचा दांडा, दारांची आतली बाजू, पायाखालचं कापड. हे ती तीन केसांच्या ब्रशने करायची, भिंग लावून, खिडकीपाशी. झालं की बशीत ठेवून त्याच्यापुढे सरकवायची. "घ्या, लावा आता टोपण." आणि हा टोपण लावायचा.

दर महिन्याला वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठ-दहा किटवाले जमत आणि एकमेकांच्या गाड्यांतल्या चुका काढत. तिथे एक निवृत्त पोस्टमन होता, तोच काय तो गाडीच्या काचेला डोळा लावून आत बघायचा. "वहिनी, गिअरच्या दांड्यावर आकडेसुद्धा?" तो ओरडायचा. ती नुसती हसायची. कवळीवाला त्या वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला मेणाबद्दल व्याख्यान देत असायचा. घरी येताना म्हणायचा, "लोकांना चकाकी फार आवडली." ती म्हणायची, "हो, आवडली."

अशा एक्केचाळीस गाड्या कपाटात उभ्या होत्या. बेचाळिसावी अर्धवट होती. लांब नाकाची, छपराची, दोनच माणसांची, गर्द लाल. तिची बॉडी त्याने केव्हाच पुरी केली होती. आतलं मात्र आजारपणात रेंगाळलं. ती उशा टेकवून बसायची, दहा मिनिटं करायची, आडवी व्हायची. मग एक दिवस आडवीच राहिली.

ती गेल्यावर तिच्या टेबलावर बशी तशीच होती, वर वाटी पालथी घातलेली. या वेळी पुढे सरकवायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने ती स्वतःच उचलून आपल्या टेबलावर आणून ठेवली.

परगावी नोकरी करणाऱ्या लेकीचा गुरुवारी फोन आला. "बाबा, मी रविवारी येतेय. आईने शेवटी केलेली गाडी मला द्याल? बाकी काही नको मला."

"जोडायची राहिलीय अजून."

"मग जोडून ठेवा ना. पण आत नीट दिसलं पाहिजे हं. आईचं काम दिसलं पाहिजे."

"दिसेल की," तो म्हणाला. एवढं एक काम लेकीने सांगितलं होतं, आणि ते करायचं त्याने ठरवलं. काही वाटत नसलं तरी हात तर चालत होते.

शनिवारी संध्याकाळी तो जोडायला बसला. आतला भाग चासीवर, म्हणजे गाडीच्या तळाच्या सांगाड्यावर बसवला, वरून बॉडी दाबली. मागचा उजवा कोपरा काही बसेना, दाबला की बसे, सोडला की उचले. अशा वेळी पांढरा गोंद लावायचा, चिकटपट्टी गुंडाळायची आणि रात्रभर विसरायचं. पण दिवसभर कामावर तो सुपरग्लूच वापरत होता, तीच बाटली समोर होती, आणि हात आपोआप तिकडे गेला. चार थेंब, वीस आकडे मोजले, कोपरा बसला. मग धूळ नको म्हणून त्याने गाडी पारदर्शक डबीत ठेवली, झाकण दाबलं आणि हात धुतले. बरं वाटलं, असं म्हणता आलं असतं, पण तसंही काही वाटलं नाही.

सकाळी पाहतो तर गाडीच्या सगळ्या काचा दुधी झालेल्या.

कवळीवाला डबीपुढे उभा राहिला. सुपरग्लूची वाफ कोंडली की काचांवर पांढरी बुरशी धरते, हे किटवाल्यांच्या पहिलीच्या पुस्तकातलं ज्ञान. नव्या माणसाला चहा पाजायच्या आधी हे सांगतात. त्याने स्वतः किती जणांना दम भरून सांगितलं होतं! काच असेल तिथे पांढरा गोंद, आणि झाकण उघडं. त्याने मऊ फडक्याने काचा पुसल्या, पॉलिश लावून पुसल्या. बाहेरून त्या लख्ख झाल्या आणि पांढऱ्याच्या पांढऱ्या राहिल्या.

त्याने पोस्टमनला फोन लावला. "काचा गेल्या."

पोस्टमनने लगेच ओळखलं. "सुपरग्लू?"

"हं."

"तुम्ही?"

"हं."

"आणि वर डबीत कोंडलीत?"

"हं."

दुसरा कुणी असता तर पोस्टमनने त्याची महिनाभर टिंगल केली असती. आता तो हळू आवाजात म्हणाला, "आतून धरलंय ते. उघडल्याशिवाय जायचं नाही. आणि उघडायला गेलात तर बॉडीचे तुकडे होतील, सांगून ठेवतो."

"ठाऊक आहे," कवळीवाला म्हणाला आणि फोन ठेवला.

लेक अकराला आली. तिने आल्या आल्या ओटा पुसला, फ्रीजमधलं शिळं टाकून दिलं, दोघांसाठी भात लावला. आईसारखंच तिला स्वस्थ बसवत नसे. जेवणं झाल्यावर म्हणाली, "पाचची बस आहे माझी. दाखवा ना गाडी."

त्याने डबी तिच्यापुढे ठेवली. तिने गाडी हातात घेतली, खिडकीकडे धरली, फिरवली, पुन्हा धरली. "बाबा, हे धुकं कसलं?"

त्याने सांगितलं. सुपरग्लू, वाफ, डबी, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. एखाद्या परक्या माणसाने केलेल्या चुकीची हकिगत सांगावी तसं सांगितलं. ती चिडेल, रडेल, अशी त्याची अपेक्षा होती. ती दोन्ही करेना. गाडी टेबलावर ठेवून म्हणाली, "बरं. मग आत काय आहे ते तरी सांगा."

"म्हणजे?"

"सीटचा रंग कोणता? डॅशबोर्ड कसा केलाय? तुम्हीच बसवलंत ना ते, काल संध्याकाळी. सांगा, मी डोळे मिटून ऐकते." आणि तिने खरंच डोळे मिटले.

कवळीवाल्याने तोंड उघडलं. बाहेरच्या लाल रंगात तपकिरीचे किती थेंब घातले ते त्याला पाठ होतं. पॉलिश पेपर किती नंबरचा, मेणाचे किती हात, डाव्या दारावर कुठे रंग जमला आणि तो कसा उतरवला, सगळं पाठ. सीट... सीट होत्या. दोन होत्या.

"काळा असेल," तो म्हणाला.

लेकीने डोळे उघडले. "असेल?"

"मी घाईत होतो गं. कोपरा बसत नव्हता."

"ठीक आहे, हिचं राहू दे. त्या कपाटातल्या सांगा. एक्केचाळीस आहेत. कुठल्याही एकीच्या सीटचा रंग सांगा."

तो बसल्या जागेवरून कपाटाकडे बघत राहिला. तिथून लाल, हिरव्या, निळ्या बॉड्या दिसत होत्या, अगदी झगझगीत, एकीवरही डाग नव्हता. त्याने मनातल्या मनात एकेक गाडी घेतली आणि सोडली. कपाळावर घाम आला. हे मात्र त्याला जाणवलं.

"मी बघितलंच नाही कधी," तो म्हणाला.

"आईला माहीत होतं," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. "मी एकदा म्हटलं होतं तिला, एवढं डोळे फोडून करतेस, बाबा बघतात तरी का? तर म्हणाली, त्यांना कोपरे बसवायचे असतात गं, त्यांना कुठला वेळ. आणि हसली."

तो उठला. खणातून पातळ पात्याची सुरी काढली, दिवा जवळ ओढला आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात पातं घातलं.

"बाबा, मोडेल ना ती!"

"मोडू दे."

चार महिन्यांची बॉडी मोडायला चार मिनिटंही लागली नाहीत. आधी कोपरा सुटला, मग छपराला धरणारे दोन्ही काड्यांएवढे खांब कट्कट् तुटले. लाल रंगाचे टवके टेबलभर उडाले. त्याने बॉडी बाजूला टाकून दिली आणि आतला भाग दिव्याखाली धरला. लेक खुर्चीवरून उठून त्याच्या खांद्याशी आली.

सीट काळी नव्हती. जुन्या चपलेचं चामडं वापरून वापरून जसं होतं तसली, फिकट तपकिरी, बसायच्या जागी जराशी उजळलेली. तिच्यावर ब्रशने रंगवलेली शिवण होती. केसाएवढे टाके, रांगेत, समान अंतरावर, कडेला वळताना एकेक टाका आखूड घेतलेला. सगळी रफूवालीची शिवण. डॅशबोर्डवर पाच तबकड्या, प्रत्येकीत काटा. सगळ्यावर वाफेची हलकी पांढरी झाक बसली होती, पण दिसत होतं.

पुरी झालेली तेवढी एकच सीट होती. शेजारची सीट कोऱ्या प्लास्टिकची, करडी, किटच्या खोक्यातून आली तशी. तिच्यावर पेन्सिलीने बारीक रेघा ओढलेल्या होत्या, टाके कुठून कुठे जायचे त्याच्या. पहिली रेघ ठसठशीत होती. शेवटची थरथरत जाऊन मध्येच थांबली होती.

"अर्धंच झालंय की हो," लेक म्हणाली.

हे त्याने काल स्वतःच्या हाताने उचललं होतं, बसवलं होतं, वरून दाबलं होतं. तिचं संपलेलं नसताना टोपण लावून टाकलं होतं.

"तुम्ही पुरं करा ना," लेक म्हणाली. "मी पुढच्या वेळी नेईन."

"मला येत नाही," तो म्हणाला. आणि सात आठवडे जे कुठेच नव्हतं ते सगळं एकदम आलं. तो रडला. आवाज करून रडला, नाक पुसायला हात मोकळा नव्हता कारण हातात तो आतला भाग होता आणि तो खाली ठेवायला तयार नव्हता. लेकीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तीही रडत होती.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "असंच नेते मी. बॉडी नको. द्या, रुमालात गुंडाळते."

"थांब जरा." त्याने बायकोचं भिंग ओढून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि सीटवर वाकला. "मला बघू दे. मी अजून काहीच बघितलं नाही."

लेकीने घड्याळाकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली आणि पाचची बस जाऊ दिली.