‘यंत्र बिघडलंय’ म्हणे!

मी जुना झालो असलो, तरी प्रोजेक्टर आहे, मित्रांनो. कोट अडकवायची खुंटी नव्हे! पण आमच्या चित्रपटगृहात हल्ली येणारा-जाणारा माझ्यावर कोट टाकून जातो.

लियों शहरातल्या एका कारखान्यात मी घडलो आणि रोआनजवळच्या या गिरणगावात आलो. ओदील मला चालवायची. रोज माझं भिंग पुसायची, तेल घालायची. एकतीस वर्षांत मी एकदाही अडलो नाही.

एका रविवारी दुपारी तिने एक विचित्र चित्रपट लावला. आमच्याच देशातला, शाईने हाताने काढलेला, एकही शब्द नसलेला. एका बाईचे केस वाढत जातात, त्यात पाखरं घरटी करतात आणि सगळं गाव ते केस खांद्यावर घेऊन चालू लागतं. मुलं खिदळत होती, मोठी माणसं खुर्चीत पुढे सरकली होती. मलाही मजा येत होती.

तेवढ्यात व्यवस्थापक लाशोमसाहेब केबिनमध्ये शिरले.

“काय हा वेडेपणा! बंद कर.”

“साहेब, वीसच मिनिटं राहिलीत. लोक बघतायत ना!”

“लोकांना काय कळतंय?” म्हणत त्यांनी स्वतःच माझं बटण दाबलं. मग पडद्यापुढे जाऊन म्हणाले, “माफ करा, यंत्र बिघडलंय.”

माझ्या चाकाचा एक दाताही झिजला नव्हता! संतापाने मी आतून धगधगलो. पण मला बोलता कुठे येतं?

पहिल्या रांगेतून क्लेमांसआजी उठल्या. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात त्यांचे कान कधीच गेले होते. दिवे लागलेले पाहून त्या ओरडल्या, “का थांबवलंत? दर वेळी नातीला विचारावं लागतं, कोण काय म्हणालं. आज पहिल्यांदा माझं मला सगळं कळतंय. पुढचं दाखवा!”

ओदीलने केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “मशीन धडधाकट आहे! यांनीच बंद केलंय!”

सगळं थिएटर पाय आपटू लागलं. ओदीलने मला पुन्हा सुरू केलं आणि चित्रपट शेवटपर्यंत चालला. क्लेमांसआजी हसत होत्या, डोळे पुसत होत्या.

सोमवारी ओदीलला कामावरून काढलं. कारण लिहिलं, ‘यंत्राची निगा राखली नाही.’ तिने! जिने मला लेकरासारखं सांभाळलं! नंतर नवं यंत्र आलं आणि मला इथे दारापाशी ढकललं.

मित्रांनो, एखादं चित्र नाही आवडलं, तर खुशाल उठून जा. दार उघडंच असतं. पण दुसऱ्याच्या डोळ्यांपुढचा उजेड मालवू नका. आणि मालवलात, तर ‘मी मालवला’ एवढं म्हणायची तरी हिंमत ठेवा.