पराट्यांवरची उडी

मी कोंबडी बोलतेय. हाकलायचं असेल तर आत्ताच हाकला. एकदा तोंड उघडलं की मी मधे थांबत नाही.

जन्म माझा अल्लीपूरचा. शोभाबाईच्या बहिणीकडं वाढले. अंगावर नीट पिसं आली तशी शोभाबाईनं मला वांग्याच्या पिशवीत घातलं आणि एसटीनं आपल्या गावी आणलं, सेवाग्रामच्या अलीकडं. वाटेत मी पिशवीतून डोकं बाहेर काढलं तर कंडक्टर म्हणतो, "मावशी, हिचं तिकीट?"

"मांडीवरच्या लेकराचं तिकीट फाडतं का तू?" शोभाबाईनं विचारलं. सगळी गाडी हसली. मी मनात म्हटलं, बाई आपल्यासारखीच आहे. जमेल.

आणि जमलं. शोभाबाई आणि तिचा नवरा तानबा भाजीचा मळा करतात. मी भेंडीतल्या अळ्या खाल्ल्या, अंडी दिली, दोनदा पिल्लं काढली. घार आली तर तिच्या अंगावर धावून गेले. कुत्रंसुद्धा मला वाट देऊन जायचं.

मग एका पहाटे मुंगसानं खुराड्याच्या फळीखाली उकरलं आणि तांबडी कोंबडी नेली. शोभाबाईनं मुंगसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मला म्हणाली, "आता वरच झोपत जा वं बाई." वर म्हणजे पराट्यांच्या ढिगावर. कापूस वेचून झाला की झाडं उपटतात, वाळवतात आणि वर्षभर चुलीत जाळतात, त्या पराट्या. घरामागं तिनं त्या पुरुषभर उंच रचल्या होत्या. ढिगाखाली न्हाणीच्या बांधकामातली उरलेली गिट्टी, म्हणजे टोकदार खडी, पसरलेली.

मला ती जागा भारी आवडली. संध्याकाळी टप्प्याटप्प्यानं वर चढायचं आणि सकाळी एकदम खाली उडी. धप्प! बाकीच्या कोंबड्या बघत राहायच्या. मलाही थोडा माज होताच, खोटं कशाला बोलू?

आषाढात उजव्या तळव्याला गाठ आली. आधी चण्याएवढी, मग बोराएवढी. वर काळी कडक खपली. पाय टेकला की कळ थेट मांडीत जायची. मी एका पायावर उभी राहू लागले. दाणे टाकले की पोहोचेपर्यंत संपायचे. अंडी बंद झाली. काल माझ्यासमोर मान खाली घालणारी पोर मला चोच मारून गेली, तो घाव गाठीपेक्षा जास्त लागला.

शोभाबाईनं तेल-हळद लावली. चुना लावला. मग तिच्या डोक्यात आलं की नजर लागली. पायात काळा दोरा बांधला, तोही करकचून. दोन दिवसांत पाय दोऱ्याच्या वर-खाली सुजला.

तानबा ओट्यावर बसून पाहत होता. "शोभे, श्रावण लागून राह्यला, म्हणून वाचली हे. पोळ्याच्या करीले कापू. लंगडी कोंबडी ठेवून का लोणचं घालतं तिचं?"

आमच्याकडं श्रावणभर घरात मटण-कोंबडी शिजत नाही. पोळ्यानं महिना संपतो आणि दुसऱ्या दिवशी, करीला, घरोघर रस्सा होतो. म्हणजे माझा दिवस ठरला होता.

"हात लावून तं दाखवा," शोभाबाई म्हणाली. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. ते मी ऐकलं.

श्रावणाच्या पहिल्याच सोमवारी वच्छलाबाई भेंडी घ्यायला आली. ती सेवाग्रामच्या दवाखान्यात आया आहे. वीस वर्षं पट्ट्या बांधताना पाहते, हातभार लावते, बोलते फार. तिनं मला काखेत धरलं, पाय पाहिला आणि ओरडली, "हे कोनं केलं? दोरा काऊन बांधला वं?"

"नजर..."

"नजर मरो. रक्त तुंबलं तिचं! आन कात्री."

दोरा तुटला आणि मला पायात पुन्हा जीव आल्यासारखं वाटलं. मग तिनं कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवायला लावला. रोज दोन वेळा, शंभर आकडे मोजेपर्यंत. शोभाबाई मोजायची आणि मी तिला ओरबाडायची. जनावराच्या डॉक्टरांना फोन करून वच्छलाबाईनं मलम विचारून घेतलं. पाचव्या दिवशी खपली मऊ होऊन सुटली. आतून पनीरासारखी घट्ट पुवाची गोळी निघाली आणि तिच्यात पराटीच्या काडीचं टोक. मलम, कापूस, पट्टी. चिखल लागू नये म्हणून वरून दुधाच्या पिशवीचा तुकडा. दिसत होते मी नवरीसारखी, पण पाय टेकू लागले.

पट्टी सुटली त्याच संध्याकाळी मी ढिगावर चढले. कोणी अडवलं नाही. सकाळी उडी, धप्प!

आठ दिवसांत गाठ परत.

आता तानबाला पुन्हा रस्सा आठवला. "पोळा आठ दिवसावर आला. यवढं तं मी माह्या पायाचं नाई केलं कधी!" शोभाबाईनं चुलीत पराटी सारली. चुलीपुढं बसून राहिली. या वेळी ती त्याच्याशी भांडली नव्हती, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

वच्छलाबाईला तिनंच निरोप धाडला. ती आली, पाय पाहिला, पण या वेळी मीठपाणी मागितलं नाही. म्हणाली, "आमच्या वार्डात शुगरवाले येतात. पाय बरा करून पाठवा, महिन्यानं तोच पाय घेऊन वापस. काऊन? घरी जाऊन तेच फाटके जोडे घालतात. हिचा जोडा कोनता, मले दाखव."

"कोंबडीचा जोडा? वच्छलाबाई, ताप तं नाई आला तुमाले?"

"हे झोपते कुठं? उतरते कुठून?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघी चहा घेऊन मागच्या दारात बसल्या. मी ढिगाच्या टोकावर. आता पाहुणीसमोर पायऱ्या पायऱ्यांनी उतरायचं? मी घेतली झेप. गिट्टीवर आदळले आणि कळवळून बसले.

वच्छलाबाई उठली. तुटक्या काड्यांच्या टोकांवरून हात फिरवला. मग मूठभर गिट्टी उचलून शोभाबाईच्या तळहातावर ठेवली.

शोभाबाईनं एक टोकदार खडा अंगठ्यानं दाबून पाहिला. "हा ढीग म्याच रचला. वर झोपत जा, असं म्याच सांगतलं हिले."

"मंग तूच मोड."

"पावसाचे दिवस! माह्यी वर्षाची पराटी भिजन ना!"

"भिजू दे. नाई तं कोंबडी काप अन् मोकयी हो."

शोभाबाईनं पदर खोचला. दुपारपर्यंत अर्धा ढीग टिनाच्या छपराखाली गेला. तानबा आला, कुरकुरला, मग बायकोच्या हाताला काड्या बोचलेल्या पाहून उरलेला अर्धा त्यानंच वाहिला. गिट्टी उचलली. खुराड्याला तळापासून जाळी ठोकली, आत तुरीचं कुटार, म्हणजे मऊ भुसा, अंथरलं, वीतभर उंचीवर रुंद फळी बसवली आणि तिला बारदाना गुंडाळला.

मला संताप आला. तीन संध्याकाळ मी तो ढीग शोधत फिरले. माझी जागा हिसकावली म्हणून शोभाबाईच्या बोटाला चोच मारली. तिनं मला खुराड्यात कोंबलं आणि म्हणाली, "मार अजून. पन खालीच झोप." चौथ्या दिवशी फळीवर बसले. पायाखाली मऊ होतं. मोठ्यानं कबूल केलं नाही.

मीठपाणी, मलम, पट्टी परत सुरू झालं. करीच्या सकाळी तानबा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी खुराड्यामागं माती उकरत होते, उजव्या पायानं. सगळी माती त्याच्या धुतल्या पायजम्यावर गेली.

"पाह्य वं, माह्याच अंगावर उडवून राह्यली!"

"उडवन नाई तं का?" शोभाबाई आतून म्हणाली. "पिशवी घ्या अन् बाजारातून मटन आना. घरचं कोनी कापाचं नाई."

आज तळव्यावर एक छोटा डाग तेवढा आहे. अंडी सुरू झाली आहेत. दर रविवारी तानबा मला उचलतो. लोक कोंबडी उचलतात ते वजन पाहायला. हा मला उलटी करून तळवे पाहतो, दोन्ही, आणि खाली ठेवतो. जपून ठेवतो, आदळत नाही.

तुमच्या घरी कोंबडी असेल तर तिचे तळवे पाहा. पट्टी बांधाल तेव्हा ती रोज कुठून उतरते तेही पाहा. ती सांगणार नाही. माज असतो आमच्यात.

चला, सरका बाजूला. उकिरडा उकरायचाय, आणि मला दोन्ही पायांना जागा लागते.