दोनशे एकविसातली एक

सोमवार, १२ मार्च १९७३. सकाळी साडेसातला कडेगावच्या पश्चिमेला, शेरीच्या माळावर, पाझर तलावाच्या दुष्काळी कामासाठी दोनशे एकवीस माणसं नोंदली गेली आणि त्यातल्या एका बाईला परत पाठवण्यात आलं. तिचं नाव तानुबाई.

नोंद करणारा हजेरी कारकून चिंतामण हा सांगलीचा, तेवीस वर्षांचा. आठ वाजता ओव्हरसियर नानासो जीपने येणार होते. त्यांचा हुकूम आदल्या दिवशीच आला होता : सगळ्या टोळ्या सारख्या माणसांच्या हव्यात, टोळीत दहापेक्षा कमी नको आणि पंचविसापेक्षा जास्त नको. हुकमाला कारण होतं. आधीच्या कामावर टोळ्या लहानमोठ्या होत्या आणि खड्डे मात्र सारखे आखले होते. मजुरी ठरवायच्या मापाच्या दिवशी फावडी उचलली गेली आणि तिघांची डोकी फुटली.

चिंतामण टेबलाशी उभा राहून दोनशे एकवीसचे अवयव शोधत होता. दोन, तीन, पाच, सात, कशानेच भाग जात नव्हता. मग त्याने अकरापासून तिसापर्यंतचे पाढे मनात म्हटले. शाळेत ते त्याला धडाधड येत. पण प्रत्येक पाढा दाहेवर थांबे. त्याच्या पुढचं, अकरा अकरेपासूनचं, आजोबांच्या वेळचं पाठांतर त्याच्या शाळेतून केव्हाच गेलं होतं. दोनशे एकवीस कुठल्याच पाढ्यात आले नाहीत. पाढ्यात न येणारी संख्या ती मूळ संख्या, अशी त्याची लहानपणापासूनची समजूत होती.

“आवं सायेब, जप चाललाय व्हय?” मुकादम जोतीरामने विचारलं. बाया हसल्या.

“दोनशे एकवीसला कशानंच भाग जात नाही.”

“मग एक कमी करा की. त्यात काय यवडं!”

दोनशे वीस लगेच जमत होते. वीस-वीसच्या अकरा टोळ्या.

“पण कमी कुणाला करायचं?”

कामावर नाव लागलं की मिलो ही परदेशी लाल ज्वारी मिळे, दुपारी खायला सुकडीची वडी मिळे, आणि टँकरचं पाणी घरी न्यायला मिळे. वस्त्यांवरच्या विहिरी माघातच आटल्या होत्या. नोंदणी पुन्हा उघडणार होती ती एप्रिलमध्ये.

रंगूबाई नावाची एक बाई मागून बोलली, “तानूला काडा. फौजीची बायकू हाय. तिला काय धाड भरलीया?”

“व्हय, पोर ना बाळ. एकला जीव,” आणखी कुणी म्हणालं.

तानुबाई तिशीची होती. जाऊ राहीबाईबरोबर लांबच्या वस्तीवरून अंधारात चालत आली होती. घमेलं तिने घरूनच आणलं होतं.

“मी काय खडा हाय व्हय, निवडून टाकायला?” ती म्हणाली. “एका टोळीत एक जास्त झाली तर काय डोंगूर कोसळतोय?”

“मागं कोसळलावता, बाई,” जोतीराम म्हणाला. “ह्यो बग, टाकं हायत अजून कपाळाला.”

तानुबाईने राहीबाईकडे पाहिलं. राहीबाई जमिनीकडे बघत होती.

“सायेब, आणि एकदा बगा की. नीट बगा.”

चिंतामणने पुन्हा पाहिलं. तेच पाढे, त्याच क्रमाने. जीपचा आवाज ऐकू येऊ लागला होता.

“नाही जात भाग, बाई. एप्रिलात या. तुमचं नाव मी पहिलं घेतो.”

तिने घमेलं राहीबाईपुढे ठेवलं. “ऱ्हाऊ दे तुज्याकडं. तुजं चिरलंय,” एवढंच म्हणाली आणि वाटेला लागली.

शनिवारी पहिलं माप झालं. पहिल्या टोळीच्या खड्ड्यावर जोतीरामने फीत धरली. लांबी सतरा मीटर, रुंदी तेरा. चिंतामणने कागदाच्या कडेला गुणाकार मांडला. उत्तर आलं दोनशे एकवीस. त्याने आकडे उलटे मांडून पुन्हा केला. तेच आलं.

“काय झालं, सायेब? खड्डा जास्त भरला?”

चिंतामणने सांगितलं. जोतीरामला समजायला थोडा वेळ लागला.

“मंजी सतरा-सतराच्या तेरा टोळ्या झाल्या असत्या. कुणालाच काडायला नको हुतं.”

“हो.”

“मग आता गप ऱ्हावा. अकरा टोळ्या बसल्यात. मोडल्या तर आणि फावडी उचलतील गडी.”

चिंतामण गप्प राहिला नाही. त्याने नानासोंना जीपपाशी गाठून सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “बाई हजर कर. मग बघू काय करायचं ते.”

रविवारी सायकल काढून तो वस्तीवर गेला. राहीबाई दारात मिलो पाखडत होती. बाजूला तानुबाईचं घमेलं होतं.

“बुधवारीच गेली ती,” राहीबाई म्हणाली. “टँकरवाल्यासंगं विट्यापातूर. तितनं सांगलीला जाते म्हनली. शिपायांच्या हापिसात इचारती, दाल्ल्याचं काय झालं म्हून.”

“काय झालं म्हणजे? मनिऑर्डर येते ना त्यांची?”

“कवाची बंद हाय. दिवाळीपास्नं कागूद सुदीक न्हाई.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

राहीबाईने सूप थांबवलं नाही. “बोलले असते तर लोक म्हनले असते, एका घरातल्या दोगी कशाला? मग दोगीतली कुटली? माजी दोन पोरं हायत, सायेब. तिला ठावं हुतं. म्हून तर ती बी बोलली न्हाई.”

मग तिने विचारलं, “पर तुमी का आलाय? जागा निगाली व्हय?”

चिंतामणने गुणाकाराची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली. मग म्हणाली, “बरं,” आणि सूप घेऊन आत गेली.

विट्याच्या स्टँडवर टँकरवाला भेटला. बाईला आपण इथेच उतरवलं, असं तो म्हणाला. पुढे ती कुठल्या गाडीत बसली, बसली की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. चिंतामणच्या वडिलांनी सांगलीतल्या माजी सैनिकांच्या कचेरीत चौकशी केली. अशी बाई तिथे आलेली नव्हती.

सोमवार, २ एप्रिलला नोंदणी पुन्हा उघडली आणि टोळ्या नव्याने पाडायचं ठरलं. चिंतामणने पहिलं नाव तानुबाईचं पुकारलं. तीनदा पुकारलं. कुणी ओ दिली नाही. आठाच्या सुमारास एकूण माणसं भरली दोनशे तेवीस. या खेपेस त्याने पाढे म्हटले नाहीत. दोनपासून चौदापर्यंत प्रत्येक संख्येने कागदावर भागून पाहिलं. भाग गेला नाही. एक कमी करून पाहिला. दोनशे बावीसलाही बसेल अशी टोळी निघेना. आणखी एक कमी केला आणि दोनशे एकवीस आले.

सतरा-सतराच्या तेरा टोळ्या करण्यात आल्या. रांगेतल्या शेवटच्या दोघांना परत पाठवण्यात आलं. एक बिराप्पा नावाचा म्हातारा, दुसरी बनुबाई.

तानुबाईचा ठावठिकाणा १० एप्रिलपर्यंत लागलेला नाही. तिचं घमेलं कामावर आहे.