गिळलेला ठोका

ठोक्याला हे नाव त्याच्या आईनेच ठेवलं होतं. रांगत्या वयात त्याने घरातला एक डबा धड ठेवला नाही, सगळ्यांना पोचे. पुढे तो एका बँडमध्ये ड्रम वाजवू लागला. आता पन्नाशी उलटल्यावर वडिलांचा कारखाना सांभाळत होता. कारखाना म्हणजे तरी काय, राहत्या घराला लागून दोन खोल्या, पत्र्यातून वायसर कापणारी एक जुनी प्रेस आणि त्या वायसरांनी भरलेली पिंपं.

त्या बँडचं नावही आता कोणाला आठवत नाही. लोकांना आठवतं ते भलतंच. एका उन्हाळ्यात बँडचा गायक घसा बसून घरी पडला, आणि रिकामे बसलेले दोघे, ठोक्या आणि गिटारवाला खिळा, कारखान्यात घुसले. काटकुळा आणि कुठेही ठोकला जाणारा, म्हणून खिळा. त्याच्या डोक्यात तेव्हा इंडस्ट्रियल मेटल, म्हणजे यंत्रांच्या खडखडाटाचं रॉक संगीत, शिरलं होतं. "इंडस्ट्री आपली, मेटल आपलं, मग गाणी दुसऱ्यांनी का करायची?" असा त्याचा बिनतोड सवाल. प्रेसवर ठोक्याची आई काम करत होती. तिच्या डोक्यावर माइक टांगून दोघांनी 'गंज' नावाचा अल्बम केला. गायकाचा घसा मोकळा झाला, दोघे मुकाट बँडमध्ये परत गेले, आणि कॅसेटी माळ्यावर पडल्या.

पण माळ्यावरच्या वस्तूंना पाय फुटतात. एक कॅसेट कोणाच्या तरी हाती लागली, तिच्या नकला निघाल्या, आणि बघता बघता नवी पोरं 'गंज'सारखं वाजवायला धडपडू लागली. सगळ्यांना वेड होतं ते एकाच गोष्टीचं. प्रेसचे चार ठोके पडत, पाचवा पडायचा तिथे काहीच नाही, की पुन्हा चार. पोरं त्याला 'गिळलेला ठोका' म्हणत. त्यावर वाद घालत. खिळा मुलाखतींत डोळे मिटून सांगे, "ते शून्य आहे. यंत्रयुगाच्या पोटातलं शून्य."

"तुझ्या शून्याला क्लच म्हणतात," ठोक्या त्याला म्हणायचा.

प्रेसचा क्लच गेलाय, म्हणून पाचवा ठोका निसटतो, अशी ठोक्याची पक्की खात्री होती. ताल हे त्याचं काम, आणि त्याच्याच अल्बममध्ये यंत्र लंगडत होतं, याची त्याला वर्षानुवर्षं लाज वाटत आली होती. मेकॅनिक म्हणाला होता, क्लच ठणठणीत आहे. ठोक्याने हट्टाने तो बदलून घेतला. त्याच सुमारास आईने काम सोडलं, नवा कामगार प्रेसवर बसला, आणि प्रेस सरळ चालू लागली. "बघा!" ठोक्या मेकॅनिकला म्हणाला होता.

आता 'गंज' पुन्हा निघणार होता, चांगल्या काळ्या तबकडीवर. साउंडवाल्याने कॉम्प्युटरवर ते लंगडणं काढून ठोके एका ओळीत बसवून पाठवले होते. आज दुपारपर्यंत होकार कळवायचा, की तबकडी छापायला जाणार. शून्य काढू नको म्हणून खिळा सकाळपासून फोनवर रडत होता. पण ताल ठोक्याचा, म्हणून शेवटचा शब्द ठोक्याचा.

होकार देण्याआधी आईला ऐकवावं, एवढंच त्याच्या मनात होतं. आई जपाला बसली होती, आणि जप संपेपर्यंत ती कोणाशी बोलत नसे. तो तिच्या पायाशी बसून राहिला. तिने डोळे उघडले तसे त्याने हेडफोन तिच्या कानांना लावले.

ती हसली. तिचा उजवा पाय जमिनीवर आपोआप, प्रेसचं पायडल दाबावं तसा, हलू लागला. एक, दोन, तीन, चार. मग पाय उचलला गेला आणि अडखळला. पुन्हा अडखळला. तिने हेडफोन काढले.

"कोण चालवतंय रे हे?"

"तूच की, आई."

"छे! असं धापा टाकत मी कधी काम केलं नाही. माझं थांबणं कुठे गेलं?"

"कुठलं थांबणं?"

"तुझ्या आत्याचं बोट गेलं ना प्रेसमध्ये, तेव्हापासूनचा माझा नेम. चार ठोके झाले की पाय उचलायचा, एकाचं नाव घ्यायचं. देवा, याची बोटं राख. मग पुढचे चार."

ठोक्या ताडकन उठला. "मग तेव्हा बोलली का नाहीस? मी क्लच बदलला, आई!"

"बोलू कशी? दारावर पाटी कोणी लावली होती, 'रेकॉर्डिंग चालू आहे, बोलू नये'? मनातल्या मनात म्हणत होते."

ठोक्याने आपले हात उलटेपालटे करून पाहिले. दहाच्या दहा बोटं जागेवर होती. आत्यानंतर त्या कारखान्यात कोणाला साधा ओरखडा आला नव्हता.

त्याने फोनवर जुनं, न सुधारलेलं 'गंज' लावलं. आईचा पाय बिनचूक चालू लागला. पाय थांबला की ओठ हलायचे. त्याच्या वडिलांचं नाव. त्याचं. आत्याचं. पिंपं उचलणाऱ्या हमालाचं. आणि मग ओठांवर असं एक नाव आलं की त्याने गाणंच थांबवलं.

"हे कोण?"

"तुझा तो खिळा. चालत्या यंत्राजवळ फार हात नाचवायचा मेला."

त्याने साउंडवाल्याला कळवलं, जसं होतं तसंच ठेवा, कणभरही हलवू नका. मग खिळ्याला फोन लावला.

"शून्य राहिलं?" खिळा किंचाळला.

"राहिलं. पण ते शून्य नाही. तिथे आई आहे. तुझी बोटं देवाकडे मागतेय."

पलीकडे एका ठोक्याइतकी शांतता पडली.

"माझी?" खिळा म्हणाला. "फोन दे रे तिला."