शेरा

गोजरबाईनं पेन पदराला पुसलं आणि ती टेबलावरच्या कागदावर वाकली. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सतरंजीवर बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या, तरी पंख्याची कुरकुर स्वच्छ ऐकू येत होती.

गावातलं देशी दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान घ्या, असा अर्ज बायांनी मागच्या महिन्यात दिला होता. आज सह्यांची पडताळणी होती. जिनं सही केली, तिनं तालुक्याहून आलेल्या साहेबांपुढं ती पुन्हा करून दाखवायची. पुरेशा सह्या जुळल्या नाहीत तर अर्ज बाद. मतदान नाही, दुकान जिथल्या तिथं.

दुकानाचा मालक पुंजाजी दाराशी खुर्ची टाकून बसला होता. आत येणाऱ्या प्रत्येकीला तो हात जोडून रामराम करत होता आणि त्याचा पुतण्या दीपक मोबाइलवर प्रत्येकीचा चेहरा टिपत होता. धमकी कोणी देत नव्हतं. अर्जावर पहिली सही सिंधूताईची होती, आणि गेल्या आठवड्यात सिंधूताईच्या सोयाबीनची वावरात रचून ठेवलेली सुडी एका रात्रीत जळून राख झाली होती. आज ती आलीच नव्हती.

गार्गी भिंतीशी वही घेऊन बसली होती. बुलढाण्याच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला तिनं सामाजिक प्रकल्पाचा विषय घेतला होता, ‘अन्यायाशी लढणाऱ्या निर्भय स्त्रिया’. प्रयोगशाळेतली सवय इथंही होती: दिसेल ते लिहायचं, मध्ये हात घालायचा नाही. मुलाखतीत तिनं गोजरबाईला भीतीबद्दल विचारलं, तेव्हा म्हातारी खदखदून हसली होती.

“भेव? भेव मले पाहून रस्ता बदलते, पोरी.”

गार्गीनं ते वाक्य उतरवून खाली रेघ मारली होती. आता तिला गोजरबाईचं कोपर दिसत होतं. ते थरथरत होतं.

साहेबांनी दोन्ही सह्या शेजारी धरल्या. माणूस वाईट नव्हता; त्यांनी तिला आणखी एकदा करायला लावली. दुसरी पहिलीपेक्षा वाकडी आली.

“जुळत नाही, बाई.”

“माहीच हाय, साहेब.”

“असेल. पण जुळत नाही.”

“आजीले कोणी गिरवून देलं होतं वाट्टे,” दीपक दारातून म्हणाला, आणि बाहेरचे दोघं-तिघं हसले.

केस पांढरे झाल्यावर नातीकडून नाव लिहायला शिकलेली गोजरबाई जागेवर येऊन बसली. गार्गीची नजर त्या रेघ मारलेल्या वाक्यावर गेली. वहीत लिहायचं म्हटलं तर पेन चालेना.

पुढचं नाव चांगुणाचं पुकारलं गेलं. चांगुणा समोरच बसली होती. ती सतरंजीचा दोरा ओढत राहिली. साहेबांनी वाट पाहिली आणि पान उलटलं.

“गार्गी वैजनाथ पाठक.”

गार्गीनं वही मिटली. तिचं नाव याच गावच्या मतदार यादीत होतं. त्या दिवशी देवळात कागद फिरला, तेव्हा हजेरीपटावर करावी तशी तिनंही सही करून टाकली होती. घरी सांगितलं नव्हतं. बाबा ज्या शाळेत शिक्षक होते, तिच्या संस्थेचा अध्यक्ष पुंजाजी होता. सकाळीच बाबा म्हणाले होते, बघ, लिही आणि घरी ये. आपलं नाव कुठं येता कामा नये.

गोजरबाईनं मागं न पाहता हात वर केला.

“ते पोरगी कालेजच्या कामानं आली, साहेब. राहू द्या तिचं नाव.”

वाट मोकळी होती. नुसतं बसून राहायचं होतं.

“वैजनाथ सरांची ना तू?” पुंजाजीनं गोड आवाजात विचारलं. “बरे हायेत ना सर?”

गार्गी उठली. टेबलापर्यंत कशी पोचली, ते तिला कळलं नाही. परीक्षेच्या प्रत्येक पेपरावर केलेली सही. पण ‘ग’चा काना कागदावरून घसरत गेला.

साहेबांनी तीही अर्जावरच्या सहीशेजारी धरली.

“हीसुद्धा जुळत नाही.”

“माझीच आहे.”

“मग अशी का? शेऱ्यात कारण लिहावं लागेल मला.”

गार्गीनं हात टेबलावर ठेवला. तिथंही तो थांबेना. दीपकचा मोबाइल आता अगदी तिच्या गालाजवळ आला होता.

“भीती,” ती म्हणाली. “मी घाबरले आहे. तेच लिहा.”

साहेबांनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी दाराकडं नीट पाहिलं, मग मोबाइलकडं. त्यांनी दीपकला हातानंच मागं व्हायला सांगितलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहू लागले.

“मंग माह्या नावापुढंबी तेच लिहा,” गोजरबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

मग बांगड्या वाजल्या. चांगुणा उभी राहिली होती.

“माहं नाव पुन्हा पुकारता काय, साहेब?”

दाराशी पुंजाजीची खुर्ची रिकामी होती. तो बाहेर कडुनिंबाखाली कानाला फोन लावून बोलत होता. काही वेळानं भिंतीशी ठेवलेल्या पिशवीत गार्गीचा फोन वाजू लागला. कोणाचा असेल, ते तिला माहीत होतं. तिनं तो वाजू दिला आणि चांगुणाला टेबलाशी जागा व्हावी म्हणून थोडी बाजूला सरकली.